दोन घागरी

कामावर चांगुणाबाई बसलेल्या मला आठवत नाहीत. दीड वर्ष आम्ही बोरतळच्या सरकारी दवाखान्यात एकाच व्हरांड्यात नोकरी केली. त्या नर्स, मी प्रयोगशाळेतला माणूस. माझ्या खुर्चीला मी घरून उशी आणली होती. त्यांना एक स्टूल मिळालं होतं, त्यावर त्या फायली ठेवायच्या. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायच्या. एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, जरा टेका की. तुमच्याकडं बघून माझे पाय दुखायला लागले."

त्या म्हणाल्या, "बसलं की इचार येतात, मन्मथअप्पा. चालताना त्यांना दमवता येतं."

हे १९८३ च्या उन्हाळ्यातलं. यातल्या एका घरातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत, का ते पुढं कळेलच. चांगुणाबाईंचं नाव बदललेलं नाही. ते झाकण्यासारखं त्यांनी काही केलं नाही, असं माझं मत आहे. सरकारचं मत तेव्हा वेगळं होतं.

आदल्या पावसाळ्यात लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच पावसाळ्यात पाऊस झाला नाही. दवाखान्यातल्या छापील कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव होतं. ते खोडून वर 'लातूर' लिहायचं काम माझ्याकडं. दर आठवड्याला नवं परिपत्रक यायचं. कुठला नियम चालू, कुठला बाद, याचा कोणालाच पत्ता नव्हता, त्यामुळं कोणीही कागद दाखवून 'नव्या जिल्ह्याचा हुकूम' म्हटलं की लोक मान डोलवायचे. विहिरी मात्र कोरड्या होत्या. पाणी उदगीरकडून टँकरनं यायचं, एक दिवसाआड, घराला मोजून चार घागरी.

चांगुणाबाई मुदखेडच्या. वडील रेल्वेत गँगमन. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. नांदेडला नर्सिंग शिकल्या आणि तिथल्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात सहा वर्षं काढून आमच्याकडं आल्या.

बाया त्यांच्याकडं कंबर घेऊन यायच्या. 'कंबर लई दुखून राहिली, सिस्टर,' एवढंच. चांगुणाबाई कंबरेचं सगळं ऐकून घ्यायच्या, मग पडदा ओढायच्या आणि खरं काय ते विचारायच्या. पांढरं जातं का, वास येतो का, खाज सुटते का, लघवीला आग होते का. शेवटी अगदी हळू, मालक घरी असतो का बाहेरगावी. मग तपासणी. लोखंडी हत्यार बाईला गार लागू नये म्हणून त्या ते आधी कोमट पाण्यात धरायच्या. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात आतला स्राव घ्यायच्या आणि माझ्या टेबलापर्यंत पळत यायच्या. त्यातले जंतू जिवंत आहेत तोवरच हलताना दिसतात. वेळ गेला की ओळखू येत नाहीत.

मी उशीवरून न उठता भिंगाला डोळा लावायचो आणि वहीत लिहायचो, 'काही आढळले नाही'. फेब्रुवारी-मार्च मिळून मी हे सदतीस वेळा लिहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

"अप्पा, खाजवून खाजवून बाई रडून राहिली, आन तुमच्या भिंगात कायच न्हाई?"

"भिंग खोटं बोलत नाही, बाई."

"मग बाया खोटं बोलतात?"

"असं मी कुठं म्हणालो?"

"म्हणाला न्हाईत. लिवलंत मात्र तसंच."

मला राग आला. सरकारी भिंगावर आणि पर्यायानं माझ्यावर संशय घेतल्यासारखं वाटलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

अशात सिंधू आली. वय बावीस, पाचवा महिना. सासू सरजाबाई सोबत होती, गावात जमीनजुमला असलेलं घर. नवरा व्यंकटी टँकर चालवायचा, तोच टँकर, ज्याच्या वाटेकडं सगळं गाव डोळे लावून बसायचं. सिंधूची तीन बाळंतपणं झाली होती. पहिली दोन लेकरं सातव्या महिन्यात मेलेलीच जन्मली. तिसरं आठ दिवस जगलं. त्याच्या तळहाता-तळपायाची कातडी सोलून निघाली होती, असं सिंधू सांगत होती, आणि सांगताना स्वतःच्या तळहाताकडं बघत होती.

सरजाबाईनं आडपडदा ठेवला नाही. "हे चौथं. हेबी गेलं तर भोकरकडची पोरगी बघून ठेवलीय. आमच्या रानाला वारस नको व्हय?" हे सुनेच्या तोंडावर. सिंधूनं मान वर केली नाही.

नांदेडच्या वॉर्डात अशी लेकरं चांगुणाबाईंनी पाहिली होती. त्यांना संशय गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा होता. आईच्या रक्तातला हा रोग पोटातल्या बाळाला खातो. आता तपासून पेनिसिलीन दिलं तर हे लेकरू वाचण्याची आशा होती. आधी पडद्याआड तपासणी झाली. सिंधूच्याही अंगावरून जात होतं, आग होती. काचपट्टी आली. "हिची तरी नीट बघा," त्या म्हणाल्या. मी दहा मिनिटं बघितलं. काही नाही.

मग त्यांनी सरजाबाईला सांगितलं, रक्त घ्यावं लागेल. म्हातारी उसळली. "पोटुशी बाईचं रगत काढता? ह्या सायबानं आत्ताच सांगितलं की कायच न्हाई म्हणून. मग रगत कशाला?" आणि सुनेला घेऊन निघून गेली. माझ्या सुंदर अक्षरातली ओळ अशी कामी आली.

त्यानंतरचे चार दिवस चांगुणाबाईंनी व्हरांड्याची फरशी झिजवली. पाचव्या दिवशी पोटुशी बायांच्या भेटीचं निमित्त काढून त्या सरजाबाईच्या घरी गेल्या. परत आल्या त्या थेट माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"दोन घागरी, अप्पा."

"कसल्या?"

"न्हाणीत पितळेचं घंगाळ व्हतं. तळाला पांढरा साका. तुरटी. सिंधूला इचारलं, तर म्हणती, सिस्टरकडं यायचं म्हणून धुऊन आले व्हते की, तुरटीच्या पाण्यानं, आतून, दोनदा. सरकारी बाईपुढं घाण कसं यायचं? सगळ्याच बाया तसंच करत्यात म्हणं." त्या हसायला लागल्या. "तुमचं भिंग खरंच बोलत व्हतं. बाया धुतलेली काच दाखवून राहिल्या तुम्हाला!"

माझ्या सदतीस ओळी मला आठवल्या. कपाळावर हात मारून घेतला. मग विचारलं, "पण दोन घागरी कशा?"

त्यांचं हसू थांबलं. "येताना लाजेची एक. आन इथून गेल्यावर विटाळाची. मी शिवते ना त्यांना."

त्या हे अगदी सरळ आवाजात म्हणाल्या आणि पुन्हा चालायला लागल्या. प्यायला पाणी मागितलं तेव्हा सरजाबाईनं वरून ओंजळीत ओतलं होतं, हेही बोलता बोलता कळलं. मला फार शरम वाटली, कारण माझ्या घरी तरी काय होतं? माझी आई पार्वतम्मा मला दवाखान्याचे कपडे अंगणातच काढायला लावायची, अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. रोग लागतात म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. ती कुणामुळं तसं करते हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून चांगुणाबाईंनी टँकरच्या रांगेत उभं राहून सांगायला सुरुवात केली, तपासणीला येताना तीन दिवस आतून धुवायचं नाही, तुरटी तर मुळीच नाही. गावात बोंब उठली. नर्सबाई पारोशा बाया मागते म्हणे! सरजाबाई तरातरा दवाखान्यात आली.

"आमच्या घरच्या बाया अशा घाण येत न्हाईत कुठं!"

मला वाटलं आता भांडण. विटाळाचं सगळं बाई काढतील आणि बरंच होईल. पण चांगुणाबाई म्हणाल्या, "सरजाक्का, दुष्काळ हाय. तुम्ही दोन घागरी घालवून राहिल्या. येतानाची घागर वाचवा. सुनेला पारोशी आणा. इथून गेल्यावर मग पाहिजे तेवढी धुवा, मी कायच म्हणणार न्हाई."

 आपली दुसरी घागर हिला ठाऊक आहे, हे म्हातारीला तेव्हा कळलं. पण चार घागरींच्या घरात एक घागर वाचत होती. "बघते," म्हणाली आणि गेली.

मी मात्र भडकलो. "बाई, हे काय बोलला तुम्ही? उलट त्यांना परवानगी दिली?"

"मला लेकरू पायजे, अप्पा," त्या म्हणाल्या. "माझा मान मी नंतर बघून घेईन. त्याला काय सातवा महिना लागत न्हाई."

तीन दिवसांनी सिंधू आली. पळत आलेली काचपट्टी मी भिंगाखाली सरकवली आणि खुर्चीतून उठलोच. डबक्यातल्या बेडूकमाशांगत जीव वळवळत होते, जिकडं बघावं तिकडं. सहा वर्षांच्या नोकरीत मी ते फक्त पुस्तकात पाहिले होते. चांगुणाबाईंनी सरजाबाईला बोलावून भिंगाला डोळा लावायला लावला. आजच्या नियमानं ही चूकच, पण त्या दिवशी दुसरा उपाय नव्हता. म्हातारी बराच वेळ वाकून बघत राहिली.

"हे जितं हाय?"

"जितं हाय. याला गोळ्या हायत, दोघा नवरा-बायकोला. आन हे असं बाहेरून येतं तव्हा एकटं येत न्हाई. म्हणून रगत बघायचं. सुनेचा दोष न्हाई यात."

"काढा," सरजाबाई म्हणाली.

रक्ताची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून, थर्मासात ठेवून चांगुणाबाई स्वतः एस.टी.नं लातूरला घेऊन गेल्या. आठवड्यानं निकाल आला. गरमीच निघाली. मंगळवारी उदगीरहून येणाऱ्या डॉक्टरांनी दोघांनाही इंजेक्शनं लिहून दिली, आठ-आठ दिवसांनी तीन. सिंधूनं त्याच दिवशी पहिलं घेतलं. पडद्यामागून चांगुणाबाईंचा आवाज येत होता, "तुझ्याकडनं गेलं न्हाई, बाई. तुझ्याकडं आलंय. हे डोक्यात पक्कं धर." मग सिंधूचं रडणं ऐकू आलं. किती वर्षांचं ते साठलं होतं कोण जाणे.

व्यंकटी मात्र येईना. एकट्या सिंधूला टोचून भागणारं नव्हतं. तो तिला पुन्हा रोग देणार, आणि पुन्हा तेच. चांगुणाबाई त्याला दोनदा रस्त्यात भेटल्या. तो हसला. "मला काय झालंय? माझी कंबर दुखत न्हाई." जास्त बोलावं तर पंचाईत. गावात कळलं तर सगळा आळ सिंधूवरच येणार, आणि याचं डोकं फिरलं तर पाणी बंद. चारचौघांत त्याला दोन शब्द सुनवायची सरपंचाचीही छाती नव्हती. सातवा महिना जवळ येत होता. चांगुणाबाईंचा चहा कपात तसाच गार व्हायचा. त्यांच्या त्या चालण्यानं मलाही जेवण जाईना.

एका सकाळी त्यांनी माझ्याकडून कोरा छापील कागद मागून घेतला, जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून वर 'लातूर' लिहिलेला. त्यावर काहीतरी लिहिलं, दवाखान्याचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "चला अप्पा, टँकर आला."

रांग लागली होती. शंभरेक घागरी असतील. व्यंकटी पाइप हातात घेऊन उभा. चांगुणाबाईंनी कागद उंच धरला आणि मोठ्यानं वाचला, "नव्या जिल्ह्याचा हुकूम. पिण्याचं पाणी वाटणाऱ्या माणसाची रक्ततपासणी झाली पाहिजे. तपासणीची चिठ्ठी असल्याशिवाय पाण्याला हात लावायचा न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. असा कुठलाच हुकूम नव्हता. कागद माझ्या गठ्ठ्यातला होता.

व्यंकटी हसत म्हणाला, "बघू नंतर." पण रांगेतल्या एका बाईनं घागर मागं घेतली. मग दुसरीनं घेतली. "तपासल्याबिगर कसं प्यावं? लेकरं पित्यात हे पाणी!" कोणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत त्याच्या पाइपासमोर एकही घागर उरली नाही. आणि सगळ्यांत पुढं उभी सरजाबाई पोराला म्हणाली, "जा की मुकाट्यानं. एवढं काय भ्याचं टोचायला?" तिला किती कळलं होतं ते तिचं तिलाच माहीत.

व्यंकटी आला. रक्त दिलं. रोग होताच. पहिलं इंजेक्शन झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला कमरेवरचा कापूस दाबत त्यानं हळूच विचारलं, "सिस्टर, हे टँकरचं इंजेक्शन न्हाई, न्हवं?"

"न्हाई."

"सिंधूला ठाव हाय?"

"तिला तुझ्याआधी टोचलंय. तिनं अजून एक शब्द काढला न्हाई."

तो कापूस टाकून उठला. मग टँकर घेऊन गेला. घराला त्या दिवशीही मोजून चारच घागरी मिळाल्या.

भानगड पुढं झाली. बातमी टँकरच्या वेगानं फिरली. आसपासच्या गावांतल्या बायाही चिठ्ठी मागायला लागल्या आणि पंधरा दिवसांत आणखी सात ड्रायव्हर माझ्या टेबलासमोर बाह्या सरसावून हजर. त्यातल्या दोघांना रोग निघाला. हे सगळं वर कळल्यावर कोणीतरी विचारलं, हा नियम कुठला? चौकशी झाली. 'अस्तित्वात नसलेला आदेश जारी केल्याबद्दल' चांगुणाबाईंना मेमो मिळाला आणि जूनमध्ये त्यांची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायच्या उपकेंद्रात झाली. कागद मी दिला होता, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि मी तोंड उघडलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्टअखेर सिंधू बाळंत झाली. मुलगी झाली आणि जिवंत झाली. पाऊस झाला होता, पण विहिरीचं पाणी गढूळ, पिण्यासाठी अजून टँकरच. मागचं लेकरू आठव्या दिवशी गेलं होतं, म्हणून नवव्या दिवशी सकाळी चांगुणाबाई न बोलावता दोन बस बदलून आल्या. बाळाचं रक्त घ्यायला मी सोबत होतो. त्यांनी मुलीला दारात उजेडाकडं नेलं, दोन्ही तळवे उलगडले, मग तळपाय. बोटानं हळूच घासून पाहिले. कातडी घट्ट होती, गुलाबी. "भोकरच्या पाव्हण्यांना सांगून टाका," त्या सरजाबाईला म्हणाल्या. रक्तही पुढं स्वच्छ आलं, पण त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तळपायच पुरेसे होते. मुलीला सिंधूच्या मांडीवर देऊन त्या निघाल्या. पाणी प्यायलाही थांबल्या नाहीत.

मी सामान आवरत होतो. सरजाबाईनं रांजणातून घागर भरली आणि न्हाणीकडं निघाली. "सिंधे, ऊठ. लेकराला आण, तूबी चल."

सिंधू उठली नाही. "आत्याबाई, मी न्हाई न्हाणार. आन हिलाबी न्हाई."

"अगं, नर्सबाई शिवून गेली."

"व्हय. म्हणूनच न्हाई."

एवढं बोलून ती लेकराला पाजायला लागली. या घरात ती नाही म्हणाली, ही पहिलीच वेळ असावी. सरजाबाई घागर कमरेवर घेऊन तशीच उभी. माझ्याकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, नातीकडं बघितलं. मग तिनं ती घागर पुन्हा रांजणात ओतली.

चांगुणाबाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. त्यांना गाठायला मला पळावं लागलं. धापा टाकत मी सगळं सांगितलं, सिंधू काय म्हणाली आणि घागर कुठं गेली.  रस्त्याच्या कडेला एक दगड होता, त्यावर त्या बसल्या आणि पदरात तोंड झाकून रडल्या. तेवढ्यात बस आली, थांबली आणि निघून गेली. त्या उठल्या नाहीत.